मालवाहू गाडीचे लायसन : मालकाने काय पाहावे, पोराने काय करावे

कापडाच्या धंद्यात माल विणण्याइतकेच माल हलवण्याला महत्त्व आहे. सूत गोदामातून सायझिंगवर जाते, सायझिंगवरून भरलेले बीम कारखान्यात येतात, विणलेल्या ताक्यांच्या गाठी बांधल्या जातात आणि ते कोरे कापड पुढे रंगणी-छपाईसाठी पाली, बालोत्रा, सुरतच्या वाटेला लागते. या प्रत्येक टप्प्यावर एक गाडी लागते आणि गाडीवर एक ड्रायव्हर लागतो. मालेगाव घ्या, भिवंडी घ्या की इचलकरंजी घ्या, सुताच्या भावाची चौकशी दिवसातून चार वेळा होते. पण लाखोंचा माल ज्याच्या भरवशावर रस्त्यावर निघतो, त्याच्या खिशात कोणते लायसन आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, हे विचारणारे व्यापारी फार थोडे.

हा विषय दोन बाजूंनी आमच्या लोकांच्या जवळचा आहे. एका बाजूला टेम्पो-ट्रकचे मालक आहेत, ज्यांची एका अपघाताने उभ्या आयुष्याची कमाई जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला मागावरची, गॅरेजवरची, हमालीवरची तरुण पोरे आहेत, ज्यांच्यासाठी हे लायसन म्हणजे हाती आलेला एक नवा हुनर आहे. म्हणून दोघांसाठी मिळून ही माहिती आम्ही देत आहोत.

कोणत्या गाडीला कोणते लायसन?

मोटार वाहन कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे लायसनशिवाय कोणालाही सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही, आणि ट्रान्सपोर्ट गाडी चालवायची तर लायसनमध्ये तशी परवानगी असावी लागते. माल वाहणारी गाडी ही ट्रान्सपोर्ट गाडी. पूर्वी मध्यम मालवाहू, जड मालवाहू, मध्यम प्रवासी, जड प्रवासी असे वेगवेगळे प्रकार लायसनवर लिहिले जात. १९९४ च्या दुरुस्तीने हे चारही प्रकार काढून त्या जागी 'ट्रान्सपोर्ट वाहन' हा एकच प्रकार आला.

येथूनच एक मोठा घोळ सुरू झाला. छोटा हत्ती किंवा पिकअप ही हलकी गाडी आहे, पण ती मालही वाहते. मग साधे हलक्या वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे लायसन तिला पुरते की ट्रान्सपोर्टचा शेरा लागतो? या प्रश्नावर विमा कंपन्या आणि गाडीमालक वर्षानुवर्षे कोर्टात भांडत राहिले. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर पुन्हा शंका घेतली गेली आणि प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने हा प्रश्न निकाली काढला. निकाल असा की, ज्या गाडीचे ग्रॉस वजन, म्हणजे गाडी आणि भरलेला माल मिळून ठरवलेले कमाल वजन, ७,५०० किलोच्या आत आहे, ती मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते. त्यासाठी वेगळ्या ट्रान्सपोर्ट शेऱ्याची गरज नाही. अशा ड्रायव्हरांमुळे अपघात वाढतात असे दाखवणारी कोणतीही आकडेवारी आपल्यापुढे आलेली नाही, हेही न्यायालयाने नमूद केले.

छोट्या गाडीवाल्यांना याने मोठा दिलासा मिळाला. पण ऐकीव माहितीवर काही जणांनी याचा भलताच अर्थ लावला की आता कोणतीही गाडी साध्या लायसनवर चालते. तसे मुळीच नाही. ७,५०० किलोच्या वरच्या गाडीला ट्रान्सपोर्टचे लायसन पूर्वीप्रमाणेच लागते. आपली गाडी कोणत्या बाजूची, हे चाके मोजून किंवा फाळक्याची लांबी पाहून ठरत नाही. आरसी बुकात ग्रॉस वजन छापलेले असते. मालकाने आजच ते काढून पाहावे.

मालकाची मान कुठे अडकते?

कित्येकांना वाटते की लायसन हा ड्रायव्हरचा मामला आहे. कायदा तसे म्हणत नाही. पाचव्या कलमाप्रमाणे योग्य लायसन नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणे हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पूर्वी हा दंड १,००० रुपयांपर्यंत होता.

पण दंड ही लहान गोष्ट. खरा मार विम्याचा आहे. आमच्या पेठेतल्या एका व्यापाऱ्याचा मोठा टेम्पो होता. विम्याचा हप्ता त्याने एकदाही चुकवला नव्हता. एके रात्री नेहमीचा ड्रायव्हर तापाने पडला. माल सकाळी पोहोचलाच पाहिजे म्हणून क्लीनरला गाडीवर बसवले. पोरगा गाडी उत्तम चालवत असे, पण त्याच्याजवळ लायसन होते ते कारचे. महामार्गावर एक मोटारसायकलवाला गाडीखाली आला आणि जागीच वारला. पुढे दाव्याचा निकाल लागला तेव्हा ट्रायब्युनलने सांगितले की मृताच्या घरच्यांना विमा कंपनीने पैसे द्यावेत, पण गाडी योग्य लायसनशिवाय चालवली गेली, सबब कंपनीने ती रकम मालकाकडून वसूल करावी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेमही नामंजूर झाला. त्या व्यापाऱ्याला गाळा विकावा लागला. क्लीनरवर फौजदारी खटला झाला तो वेगळाच. एका घरातला कमावता माणूस गेला, दुसऱ्या घराची पुंजी गेली आणि तिसऱ्या घरातला पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला.

अशा प्रकरणात कोर्टाची भाषा 'आधी द्या, मग वसूल करा' अशी असते. वारसांना न्याय मिळतो, पण मालकाचा हप्ता पाण्यात जातो.

याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. २००३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, मालकाने ड्रायव्हरचे लायसन पाहिले, ते वरकरणी खरे वाटले आणि गाडी चालवून घेऊन त्याची पारख केली, तर पुढे ते लायसन बोगस निघाले म्हणून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. म्हणजे कायदा मालकाकडून अशक्य गोष्ट मागत नाही. तो फक्त म्हणतो, गाफील राहू नका. आता तर परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर लायसनचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की ते खरे आहे की नाही, कोणत्या प्रकारचे आहे आणि मुदत कधी संपते, हे मोबाइलवर दिसते. नवा ड्रायव्हर ठेवताना हे पाहावे, त्याचा कागद छापून फाइलला लावावा आणि नंतरही अधूनमधून तपासत राहावे.

आठवीची अट गेली

मध्यंतरी एका मागवाल्याने आम्हाला विचारले, "सेठ, माझा पोरगा पाचवीतच शाळेतून निघाला. गाडी चांगली चालवतो. पण त्याला मोठ्या गाडीचे लायसन मिळणार नाही, असे सगळे सांगतात." सगळे सांगतात ते एके काळी खरे होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रान्सपोर्ट लायसनसाठी किमान आठवी पास ही अट होती. त्या अटीमुळे आमच्या वस्त्यांतील असंख्य पोरे बाहेर राहिली. घरची तंगी म्हणून ज्याला लहान वयात मागावर उभे राहावे लागले, त्याला मोठेपणी स्टिअरिंगही मिळू नये, असा तो प्रकार होता. यातूनच बोगस दाखल्यांचा धंदा फोफावला आणि तसे दाखले वापरणारे पुढे अडचणीत आले.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली. आज ट्रान्सपोर्ट लायसनसाठी शाळेच्या इयत्तेची अट नाही. ही बातमी अजून पुष्कळ मोहल्ल्यांत पोहोचलेली नाही, म्हणून आम्ही ठळकपणे सांगतो. आठवीच्या खोट्या दाखल्यासाठी कोणालाही एक पैसाही देऊ नये.

मात्र शाळेची अट गेली म्हणजे अक्षरओळखीची गरज गेली असे कोणी समजू नये. बिल्टी, ई-वे बिल, रस्त्यावरचे फलक, वजनकाट्याची पावती हे सर्व वाचावेच लागते. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आहे. मराठी अर्जापुढे बसल्यावर उर्दू शाळेच्या पोराची काय घालमेल होते, हे आम्ही जाणतो. पण शिकाऊ लायसनच्या परीक्षेत पर्यायातून उत्तर निवडायचे असते, त्यातले बरेच प्रश्न रस्त्याच्या चिन्हांचे असतात आणि साठ टक्के उत्तरे बरोबर आली की पास. पंधरा दिवस कोणाजवळ बसून चिन्हे आणि नियम पाठ केले तर अवघड काही नाही.

पायरीपायरीने कसे जावे?

पहिली पायरी म्हणजे एलएमव्ही लायसन. वय अठरा पूर्ण हवे. आधी शिकाऊ, ज्याला लोक कच्चे लायसन म्हणतात, ते काढायचे. त्याची मुदत सहा महिने. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या ऑनलाइनही देता येते. कच्चे लायसन मिळून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे ट्रान्सपोर्ट. त्यासाठी कायद्याने वय वीस पूर्ण हवे आणि एलएमव्हीचे पक्के लायसन हाती येऊन किमान एक वर्ष झालेले हवे. म्हणजे पोराने अठराव्या वर्षीच पहिले लायसन काढले, तर विसाव्या वर्षी तो मोठ्या गाडीसाठी तयार असतो. जो पंचविशीपर्यंत बिनलायसनचा फिरतो, त्याला ते एक वर्ष नंतर मोजावेच लागते.

ट्रान्सपोर्टसाठी पुन्हा कच्चे लायसन निघते. सोबत डॉक्टरी दाखला लागतो, त्याला फॉर्म १-ए म्हणतात. नोंदणीकृत डॉक्टर नजर, रंगओळख, कान यांची तपासणी करून तो देतो. मागाच्या खडखडाटात वर्षे घालवलेल्यांचे कान अनेकदा मंद झालेले असतात आणि ते त्यांना कळतही नाही. फीचे पैसे भरण्याआधी कान आणि डोळे तपासून घेणे शहाणपणाचे.

नंतर मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचा दाखला, म्हणजे फॉर्म ५. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीची तालीम तीस दिवसांपेक्षा कमी असू नये आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास असावेत. काही ठिकाणी दोन-चार फेऱ्या मारून दाखला हाती देतात. पोरांनी यात खूश होऊ नये. पैसे पूर्ण घेतले तर तास पूर्ण मागून घ्यावेत. भरलेला ट्रक घाटात उतरवताना तो दाखला ब्रेक मारायला येत नाही.

शेवटी आरटीओची चाचणी. गाडी सुरू करण्याआधी आरसे पाहणे, इशारा देणे, गिअर बदलणे, चढावर गाडी मागे न सरकवता उचलणे, रिव्हर्स घेणे, वेळेवर थांबणे हे सर्व पाहिले जाते. ज्या प्रकारचे लायसन हवे त्या प्रकारची गाडी चाचणीला न्यावी लागते. बहुधा ती स्कूलचीच असते, म्हणून गाडीचे भाडे फीमध्ये धरले आहे का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते.

२०२१ पासून आणखी एक रस्ता खुला झाला आहे. केंद्राच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रातून जो पास होतो, त्याला आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. अशा केंद्रात मोठ्या गाडीचा अभ्यास सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. कोणतेही लहानसे स्कूल 'आमच्याकडून परीक्षा माफ' म्हणत असेल, तर त्याची ही मान्यता आधी तपासावी.

सरकारी फीबद्दलही फार गैरसमज आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने ठरवलेल्या दरांत कच्चे लायसन प्रत्येक प्रकाराला १५० रुपये, चाचणी प्रत्येक प्रकाराला ३०० रुपये, पक्के लायसन २०० रुपये आणि जुन्या लायसनवर नवा प्रकार चढवायचे ५०० रुपये आहेत. कार्डाचा आणि टपालाचा खर्च वेगळा. एजंट हजारो रुपये सांगतो तेव्हा त्यात सरकारचे किती आणि त्याचे किती, याचा हिशेब मागावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून राज्यातल्या कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. आणि महाराष्ट्रात काढलेले लायसन साऱ्या हिंदुस्थानात चालते; मालेगावचा पोरगा त्याच लायसनवर पालीपर्यंत गाडी नेऊ शकतो.

रिक्षा, टॅक्सी अशी प्रवासी गाडी चालवायची असल्यास आरटीओचा बिल्ला आणि पोलीस पडताळणी हा वेगळा मामला आहे. तो या लेखाचा विषय नाही.

नावाची भानगड

आमच्या लोकांचे अर्ज जितके चाचणीत अडकतात तितकेच नावात अडकतात. शाळेच्या दाखल्यावर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मो. शेख', रेशनकार्डावर 'महंमद'. उर्दू दाखल्यावरून मराठी, मराठीवरून इंग्रजी, असे होत होत एका माणसाची तीन माणसे होतात. जन्मतारखेचेही तसेच. लायसनवर एकदा चुकीचे नाव चढले की पुढे नोकरीत, विम्याच्या दाव्यात, नूतनीकरणात प्रत्येक वेळी तेच विघ्न. म्हणून पहिला अर्ज करण्याआधी आधार कार्डावरचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्याशी जुळवून घ्यावी. यात महिना गेला तरी चालेल. पुढची कित्येक वर्षे वाचतात.

रंगाची आणि रसायनांची गाडी

डाइंग आणि प्रोसेसच्या कारखान्यांत ॲसिड, पेरॉक्साइड, हायड्रोसारखी रसायने येतात. असा धोक्याचा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला ट्रान्सपोर्ट लायसनशिवाय वेगळा शेरा लागतो. त्यासाठी तीन दिवसांचा खास अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तसेच इंग्रजी आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणतीही एक भाषा लिहिता-वाचता यावी लागते. त्या अनुसूचीत मराठी आहे तशी उर्दूही आहे, हे उर्दू शाळेच्या पोरांनी ध्यानात ठेवावे. हा शेरा असलेले ड्रायव्हर कमी असतात, त्यामुळे ज्याच्याजवळ तो आहे त्याला काम शोधावे लागत नाही.

मुदतीकडे लक्ष

ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत पूर्वी तीन वर्षे होती. १ सप्टेंबर २०१९ पासून ती पाच वर्षे झाली. धोक्याच्या मालाचा शेरा तीन वर्षे चालतो आणि नूतनीकरणाला एक दिवसाची उजळणी लागते. पूर्वी मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालू धरले जाई. ती सवलत २०१९ मध्ये काढली गेली. म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तर ड्रायव्हर बिनलायसनचा ठरू शकतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, मग शेवटच्या आठवड्याची वाट का पाहावी? मुदत संपून वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा द्यावी लागते.

ड्रायव्हरची रोजी मालकाच्या हाती

एक गोष्ट व्यापारी बंधूंना स्पष्ट सांगितली पाहिजे. 'आणखी दहा गाठी टाक, काही होत नाही' हे वाक्य बोलणारा गोदामात असतो आणि पकडला जाणारा रस्त्यावर असतो. जादा मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड ठेवला आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले की, जादा माल भरणाऱ्या ड्रायव्हरचे लायसन किमान तीन महिने निलंबित करावे. दंड मालक भरून मोकळा होईल, पण ड्रायव्हरचे लायसन निलंबित झाले तर त्याची चूल तीन महिने कशावर पेटणार? दहा गाठींच्या भाड्याची बचत दुसऱ्याच्या रोजीवर करणे हा धंद्याचा इन्साफ नव्हे. तसेच दिवसभर बीम चढवणाऱ्या माणसाला रात्री दोनशे मैलांच्या फेरीला बसवणे, ही काटकसर नसून जुगार आहे.

मालकांनी एवढे करावे. प्रत्येक ड्रायव्हरच्या लायसनची प्रत आणि मुदतीची तारीख एका वहीत ठेवावी. मोठ्या गाडीवर लायसनवाला दुसरा माणूस तयार ठेवावा, म्हणजे एक आजारी पडला तर क्लीनरकडे पाहण्याची वेळ येणार नाही. आणि जो क्लीनर इमानदार आहे, गाडी जपतो, त्याच्या ट्रेनिंग स्कूलची फी उचल म्हणून द्यावी आणि पगारातून थोडीथोडी कापून घ्यावी. यात मालकाचे काही जात नाही. भरवशाचा ड्रायव्हर घरातच तयार होतो.

पोरांनी एवढे करावे. नाव आणि जन्मतारीख नीट करून अठराव्या वर्षीच पहिले लायसन काढावे, तालमीचे तास पूर्ण घ्यावेत आणि हातात लायसन नसताना कोणी कितीही आग्रह केला तरी मोठ्या गाडीवर बसू नये. त्या रात्री तो क्लीनर "सेठ, माझ्याकडे या गाडीचे लायसन नाही" एवढे म्हणू शकला असता तर तीन घरे वाचली असती. पण नोकराला असे म्हणण्याची हिंमत व्हावी, याची जबाबदारी नोकरापेक्षा सेठवर जास्त आहे.